स्पीड १०० चा, मग पिंग ३०० कसा?

वाचकाचं पत्र:

घरी १०० एमबीपीएसचं नेट आहे. राऊटर दाराजवळ टीव्हीच्या कपाटात आहे आणि मी सगळ्यात आतल्या खोलीत बसून लॅपटॉपवर काम करते. सकाळी काही त्रास नसतो. संध्याकाळी सातनंतर मात्र मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो, समोरचे म्हणतात, "तुम्ही अडकलात." नेमका त्याच वेळी माझा मुलगा बाहेरच्या खोलीत गेम खेळत असतो, तोही ओरडतो की पिंग ३०० वर गेला. तो म्हणतो तुझी मीटिंग बंद कर, मी म्हणते तुझा गेम बंद कर. रोजचं झालंय. स्पीड टेस्ट केली की आकडा ९० च्या वर येतो. नेटच्या कंपनीत फोन केला तर म्हणतात, आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे. आता मुलाला गेमिंग राऊटर हवाय आणि घरातले म्हणतात ३०० चा प्लॅन घेऊन टाकू. मला यातलं फारसं कळत नाही, पण नीट सांगितलंत तर करून बघेन.

उत्तर:

ताई,

आधी तुम्हा दोघांचं भांडण मिटवू या. तुमचा किंवा मुलाचा, कुणाचाच दोष नसण्याची शक्यता खूप जास्त आहे. गेम चालू असताना सेकंदाला काही किलोबाइट, फार तर काही दहा किलोबाइट डेटा ये-जा करतो. एवढ्याने लाइन भरत नाही. चांगल्या प्रतीची व्हिडिओ मीटिंग २ ते ४ एमबीपीएसमध्ये भागते. १०० च्या लाइनवर तुमच्यासारखी दोन माणसं आरामात बसतात. म्हणजे संध्याकाळी सातनंतर तुमच्या घरात तिसरं काहीतरी चालू होतं किंवा हवेत काहीतरी बिघडतं. ते शोधेपर्यंत राऊटरची खरेदी आणि मोठा प्लॅन, दोन्ही थांबवा. कदाचित दोन्हींची गरज पडणार नाही.

स्पीड आणि पिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या पत्रातलं सगळं कोडं या फरकात आहे. स्पीड म्हणजे एका सेकंदात किती माल येतो. पिंग म्हणजे आपण हाक मारली की ओ यायला किती वेळ लागतो. ट्रकभर माल वेळेत पोचला म्हणजे हाकेला लगेच ओ मिळेल असं नसतं. सिनेमा बघायला माल लागतो, कारण पुढचा काही सेकंदांचा भाग आधीच उतरवून ठेवता येतो. बोलणं आणि खेळणं आधी उतरवून ठेवता येत नाही. तिथे प्रत्येक हाकेला ताबडतोब ओ लागते. साध्या स्पीड टेस्टचा मोठा आकडा फक्त माल मोजतो, म्हणून तुम्हाला ९० दिसतात आणि तरी आवाज तुटतो. कंपनीवालेही तोच आकडा बघून "सगळं व्यवस्थित" म्हणतात. ते खोटं बोलत नसतील, पण तुमची तक्रार त्या आकड्याबद्दल नाहीच आहे.

पिंग हे नाव पाणबुड्यांच्या 'सोनार' या यंत्राच्या आवाजावरून आलंय. आवाज सोडायचा, आदळून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. माइक मूस या अमेरिकी प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये याच नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला, तोही त्याच्यासमोरचं नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून. तो प्रोग्राम आज तुमच्या लॅपटॉपमध्ये आधीपासूनच आहे. नवीन काही टाकायला नको, पैसे नकोत. तुमच्या अडचणीवर यापेक्षा चांगलं हत्यार मला माहीत नाही.

किती पिंग चांगला? काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे सर्व्हर १,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागणारच, कुठलाही राऊटर ते कमी करू शकत नाही. मुलाला गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर कुठला निवडलाय ते बघायला सांगा, दूरच्या खंडातला निवडला असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे. पण तुमच्याकडे सकाळी सगळं ठीक चालतं, त्यामुळे अंतराचा प्रश्न मला वाटत नाही. आणि एक लक्षात ठेवा, सतत ७० राहणारा पिंग चालतो. ३० वरून ३०० आणि परत ३० असा उड्या मारणारा पिंग माणसाला रडवतो. उड्या कुठे सुरू होतात, तेवढंच आपल्याला शोधायचंय.

आज संध्याकाळी साडेसातला, त्रास चालू असताना, हे करा. लॅपटॉपवर शोधायच्या जागी इंग्रजी अक्षरांत 'सीएमडी' टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. त्यात 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) टाइप करून एंटर. बऱ्याच ओळी येतील, त्यात 'डिफॉल्ट गेटवे' लिहिलेली ओळ शोधा. तिच्यापुढे १९२.१६८.१.१ किंवा तसलाच आकडा असेल. तो तुमच्या राऊटरचा पत्ता. आता टाइप करा: 'पिंग' (ping), स्पेस, तो पत्ता, स्पेस, आडवी रेघ आणि तिला चिकटून 'टी'. एंटर. सेकंदाला एक ओळ पडायला लागेल. मग अशीच दुसरी काळी खिडकी उघडा आणि राऊटरच्या पत्त्याऐवजी ८.८.८.८ टाका. हा गूगलचा सर्व्हर आहे, घराबाहेरचा. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवा. थांबवायचं असेल तेव्हा कंट्रोल आणि सी एकत्र दाबा. मॅक असेल तर राऊटरचा पत्ता वायफायच्या सेटिंगमध्ये बघा आणि टर्मिनल उघडून असंच पिंग करा, तिथे शेवटची रेघ आणि 'टी' लागत नाही.

पहिल्या खिडकीत तुमची हाक फक्त राऊटरपर्यंत जाते आणि परत येते. घरातल्या घरात. वायफायवर ती १ ते ५ मिलिसेकंदांत परत यायला हवी, अधूनमधून १५-२० दिसलं तर काळजी नाही. पण इथेच ८०, १५०, ३०० दिसत असेल किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल, तर गडबड तुमच्या खोलीपासून राऊटरपर्यंतच्या हवेत आहे. कंपनीचा संबंध नाही. उलट पहिल्या खिडकीत २, ३, २ असं शांतपणे चाललंय आणि दुसरीत मात्र आकडे उड्या मारतायत, तर हवा ठीक आहे. तुमचा माल राऊटरपाशी किंवा त्याच्या पुढे कुठेतरी रांगेत अडकतोय.

मागे माझ्या घरी दुसरा प्रकार झाला होता. रोज रात्री दहाच्या सुमारास बोलणं तुटायचं, आणि मी दोन महिने कंपनीला दोष देत होतो. मग एकदा लॅपटॉप घेऊन राऊटरजवळ जमिनीवर बसलो आणि दोन्ही खिडक्या लावल्या. पहिलीत २, २, ३, २. दुसरीत १८, १९, १८, आणि मग अचानक १४०, २९०, ३८०, ४१०. दहा मिनिटं तसंच. घरातली एकेक वस्तू वायफायवरून काढत गेलो. टीव्ही काढला, काही नाही. दुसरा लॅपटॉप काढला, काही नाही. शेवटी बायकोचा फोन चार्जिंगला लावलेला दिसला, त्याचं वायफाय बंद केलं. पुढच्याच ओळीत ४१० चे १९ झाले. दिवसभरात काढलेले फोटो आणि व्हिडिओ फोन चार्जिंगला लागला की आपोआप वर चढवले जात होते. फोन रोज दहाला चार्जिंगला लागायचा. दोन महिने मी चुकीच्या दारावर थापा मारत होतो.

तुमच्याकडेही असंच काही असेल, असा माझा पहिला अंदाज आहे. संध्याकाळी सातनंतर घरी कोण येतं? त्यांचा फोन घरच्या वायफायला लागल्या लागल्या काय करतो? फोटोंचा बॅकअप, घरातला कॅमेरा जो रेकॉर्डिंग वर पाठवतो, लॅपटॉपमधला फाइली सिंक करणारा प्रोग्राम, गेमचंच वीस-तीस जीबीचं अपडेट. हे सगळं गुपचूप चालतं आणि कुणालाच दिसत नाही.

एवढ्याशा अपलोडने सगळं घर का अडकावं? हे थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच लोकांचे पैसे वाया जातात. डाउनलोडचा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो. अपलोड बऱ्याच कनेक्शनवर त्याहून खूप कमी असतं, कधी दहावा हिस्सा. समजा तुमचं अपलोड १० एमबीपीएस आहे. फोन व्हिडिओ पाठवायला लागला की तो जमेल तितक्या जोरात पाठवतो. लाइनमधून सेकंदाला १० मेगाबिट जाऊ शकतात, त्याहून जास्त आलं की उरलेलं राऊटर किंवा मोडेम आपल्या पोटात साठवून ठेवतो. या साठ्याला बफर म्हणतात. त्यात ५०० किलोबाइट जमले तर ते ४ मेगाबिट झाले, आणि १० च्या लाइनवर ते निघायला ०.४ सेकंद लागतात. म्हणजे ४०० मिलिसेकंद. आता तुमच्या तोंडून निघालेला शब्द या रांगेच्या शेवटी उभा राहतो. तो इवलासा आहे, त्याला जायला क्षणही लागत नाही, पण पुढे फोटोंची रांग आहे. मुलाने गेममध्ये दाबलेलं बटणही त्याच रांगेत. दोघांनाही एकाच वेळी त्रास होतो तो यामुळे. आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे बोट दाखवता, कारण तिसरा दिसत नाही.

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस हे इंटरनेटच्या क्षेत्रातले जुनेजाणते इंजिनिअर. २०१० मध्ये घरून मोठ्या फाइली पाठवताना त्यांच्याही लाइनचा पिंग असाच चढला, आणि त्यांनी मुळापर्यंत जाऊन त्याचा छडा लावला. मेमरी स्वस्त झाली म्हणून यंत्रं बनवणाऱ्यांनी बफर मोठे मोठे करत नेले होते. काहीही हरवू नये हा हेतू चांगला होता, पण रांग लांबत गेली. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल नावाची युक्ती काढली. रांगेत माल किती वेळ ताटकळतोय यावर लक्ष ठेवायचं, आणि तो जास्त वेळ थांबायला लागला की थोडा माल टाकून द्यायचा, म्हणजे पाठवणारा समजून हळू होतो. पुढे त्यात प्रत्येकाची वेगळी रांग करून आळीपाळीने सोडायची सोय आली. मग फोटो त्यांच्या रांगेत, तुमचा आवाज त्याच्या रांगेत. फोटो दोन मिनिटं उशिरा चढतील, कुणाला कळणारही नाही.

ही सोय काही राऊटरमध्ये 'एसक्यूएम' किंवा 'स्मार्ट क्यू' अशा नावाने असते, काहींत 'क्यूओएस' या नावाखाली थोडं कमी-जास्त असंच काही असतं. राऊटरचा तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकलात की त्याचं पान उघडतं, पासवर्ड बहुतेक राऊटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. तिथे ही सोय दिसली तर चालू करा. ती तुम्हाला अपलोड आणि डाउनलोडचा वेग विचारेल. स्पीड टेस्टमध्ये जे आकडे येतात त्यांच्या ८५ ते ९० टक्के लिहा. लोकांना हे पटत नाही, पैसे भरून घेतलेला स्पीड आपणच का कमी करायचा? कारण असं केलं की रांग कंपनीच्या यंत्रात लागत नाही, तुमच्या राऊटरमध्ये लागते, आणि तिथे तिला शिस्त लावणारा कुणीतरी असतो. १०० चे ८८ होतील आणि पिंग ४०० वरून ३० वर येईल. हा सौदा मी डोळे मिटून करीन.

तुमच्या राऊटरमध्ये ही सोय नसेल तरी हरकत नाही. फोनच्या बॅकअपला वेळ लावता येत असेल तर रात्री बाराची लावा, नाहीतर फोनमध्ये तो संध्याकाळपुरता बंद ठेवा. कॅमेऱ्याच्या व्हिडिओचा दर्जा एक पायरी खाली आणा. गेमच्या अपडेटसाठी वेगाची मर्यादा घालता येते, ती मुलाला माहीत असेल.

आता ३०० च्या प्लॅनबद्दल. त्यात अपलोडही वाढत असेल तर रांग लवकर उपसली जाईल, थोडा फरक पडेल. पण मोठ्या फाइली पाठवणारा फोन वाढलेली लाइनसुद्धा भरतो, आणि रांग पुन्हा लागते. फक्त डाउनलोड वाढत असेल तर अपलोडच्या रांगेत काडीचाही फरक नाही. घेण्याआधी अपलोडचा आकडा विचाराच.

पहिल्या खिडकीत, म्हणजे राऊटरपर्यंतच, आकडे उड्या मारत असतील तर वेगळ्या कामाला लागायचं. टीव्हीच्या कपाटातला राऊटर आणि सगळ्यात आतली खोली, हे वाचूनच मला काळजी वाटली होती, त्यामुळे तुमच्याकडे दोन्ही दुखणी एकत्र असणंही शक्य आहे.

वायफायवर एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एका पट्ट्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. प्रत्येक उपकरण आधी कान देतं, कुणी बोलत नसेल तरच बोलतं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं, मग प्रत्येकजण थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतो, आणि दर वेळी थांबण्याची मुदत वाढत जाते. शेजाऱ्यांचा राऊटर त्याच चॅनेलवर असेल तर तोही याच बैठकीत बसलेला असतो. संध्याकाळी सगळे घरी, सगळ्यांचे टीव्ही चालू, म्हणून सकाळी ठीक आणि संध्याकाळी वाईट.

त्यात हळू बोलणारं एखादं उपकरण असलं की सगळ्यांचा वेळ जातो. नेटवरचा माल छोट्या पाकिटांतून जातो. १,५०० बाइटचं एक पाकीट ३०० एमबीपीएसने पाठवायला ४० मायक्रोसेकंद लागतात. तेच पाकीट लांबच्या कोपऱ्यातलं, रेंज नसलेलं जुनं उपकरण १ एमबीपीएसने पाठवत असेल तर १२ मिलिसेकंद. तीनशे पट वेळ हवा अडवून ठेवली, तीही एका पाकिटासाठी. म्हणून एखादा जुना फोन किंवा स्वस्त कॅमेरा पार शेवटच्या भिंतीआड ठेवलेला असेल तर त्याचा त्रास राऊटरशेजारी बसलेल्यालाही होतो. तुमच्या मुलाला राऊटरजवळ बसूनही लॅग येतो, त्यामागे हे कारण असू शकतं. आणि आतल्या खोलीतला तुमचा लॅपटॉप स्वतःच असा हळू बोलणारा झाला असेल, हेही तपासायला हवं.

राऊटर कपाटातून बाहेर काढा. टीव्हीच्या मागे धातूचा पत्रा असतो, तो सिग्नल अडवतो. छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी, जमलं तर घराच्या मध्याकडे. दोन मीटर सरकवूनसुद्धा कधीकधी एका भिंतीचा अडथळा कमी होतो. मग फोनवर सिग्नल मोजणारं एखादं वायफाय ॲप घ्या आणि तुमच्या टेबलापाशी उभं राहून आकडा बघा. तो उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत बोलणं नीट चालतं, उणे ७५ च्या पलीकडे गेलात की पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात. उणे ८० असेल तर तुमच्या खोलीत वायफाय आहे असं मी म्हणणारच नाही, मग फोनवर कितीही कांड्या दिसोत.

राऊटरमध्ये दोन बँड असतील, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ भिंतींतून लांब जातो पण त्यावर गर्दी फार. ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ वर चालतो, शेजाऱ्यांची जुनी उपकरणंही तिथेच. ५ वर जागा भरपूर पण भिंती त्याला कमी मानवतात. मुलाचं यंत्र राऊटरच्या खोलीत आहे, ते ५ वर टाका. तुमच्या खोलीत ५ चा सिग्नल उणे ६७ च्या आसपास येत असेल तर तुम्हीही. दोन्ही बँडना वेगवेगळी नावं दिलीत तर कोण कुठे आहे ते कळतं, नाहीतर लॅपटॉप मनाला येईल तिकडे जातो. २.४ वर राहावंच लागलं तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळं घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मधलं ३ किंवा ८ घेऊ नका. चॅनेल एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येकाला सुमारे २० लागतात, म्हणजे ३ वर बसलात की १ आणि ६ या दोघांचाही गोंगाट ऐकायचा. ५ गिगाहर्ट्झ दिवसातून मधेच मिनिटभर गायब होत असेल तर राऊटर रडारही वापरतात अशा चॅनेलवर असेल. त्याला ३६ ते ४८ मधल्या चॅनेलवर आणा.

रिपीटर मात्र घेऊ नका. साधा रिपीटर ऐकलेलं सगळं त्याच हवेत पुन्हा बोलतो. फोनवर कांड्या भरलेल्या दिसतात, लोक खूश होतात, आणि पिंग आणखी बिघडतो.

यापेक्षा एक जुना उपाय मी कुणालाही आधी सांगतो: केबल. साधी कॅट ५ई नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट नेते, आणि तिच्यावर राऊटरपर्यंतचा पिंग १ मिलिसेकंदाच्या आत असतो, संध्याकाळी सात असो की पहाटे तीन. मुलगा राऊटरच्याच खोलीत खेळतो ना? मग त्याच्या यंत्राला दोन-तीन मीटरची केबल आजच लावा. त्याचा पिंग स्थिर होईल आणि तो हवेतून उतरल्यामुळे तुम्हालाही जागा मिळेल. तुमच्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेने केबल नेता आली तर इतर कशाची गरज उरणार नाही. नेता येत नसेल तर दोन-तीन नगांचा मेश, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या राऊटरांचा संच, चालतो, शक्यतो नगांमध्ये केबल टाकून, आणि दुसरा नग तुमच्या खोलीत न ठेवता अर्ध्या वाटेवर ठेवून. तुमच्या खोलीत ठेवलात तर त्याला स्वतःलाच नीट ऐकू येणार नाही.

काही बारीकसारीक. लॅपटॉप बॅटरीवर असताना वायफाय झोपवून वीज वाचवतो, मीटिंगच्या वेळी चार्जर लावा आणि पॉवर सेटिंग पूर्ण क्षमतेवर ठेवा. अगदी ठरावीक अंतराने, समजा दर मिनिटाला एकच मोठा आकडा येत असेल, तर लॅपटॉप आजूबाजूची नेटवर्क शोधतोय, त्याच्या वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा. ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर एकदा बंद करून मोजा. आणि फोनला पिंग करून घाबरू नका. फोन झोपेतून दर शंभरेक मिलिसेकंदांनी राऊटरकडे कान देतो, तिथे १०० दिसणं बिघाड नाही.

गेमिंग राऊटरबद्दल मुलाला माझ्याकडून सांगा: अँटेना किती आणि दिवे किती हे बघू नकोस, वर सांगितलेली रांगेची शिस्त त्यात आहे का ते बघ. असेल आणि सध्याच्या राऊटरमध्ये नसेल, तर ती खरेदी पटण्यासारखी आहे. पिंग कमी करणारी ॲप आणि डीएनएस बदलण्याचे उपाय सोडून दे. डीएनएस फक्त सुरुवातीला पत्ता शोधून देतो, खेळ सुरू झाल्यावर त्याचा संबंध संपतो. चित्र अडखळतंय पण पिंग स्थिर आहे असं असेल तर ते नेटचं नाहीच, यंत्र तापतंय किंवा दमतंय.

राहिली कंपनी. लॅपटॉप केबलने थेट राऊटरला लावा, बाकी सगळी उपकरणं वायफायवरून काढा, आणि सात ते दहा दोन्ही खिडक्या चालू ठेवा. पहिली शांत आणि दुसरी तरीही चढलेली राहिली, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. हीच चाचणी सकाळी पुन्हा करा, दोन्ही वेळांचे स्क्रीनशॉट घ्या आणि तक्रारीत "नेट स्लो आहे" असं लिहू नका. लिहा: "केबलने जोडून, बाकी काही चालू नसताना, सकाळी ९ वाजता बाहेरचा पिंग २०, रात्री ८ वाजता २५०, राऊटरपर्यंत दोन्ही वेळा १." अशी तक्रार पुढच्या माणसाकडे द्यावीच लागते. वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवणाऱ्या 'ट्रेसरूट' या प्रोग्राममध्ये मधल्याच एका टप्प्यावर मोठा आकडा दिसला आणि शेवटचा टप्पा ठीक असला, तर त्यावरून वाद घालू नका. मधली यंत्रं माल पुढे सारण्यात गुंतलेली असतात, हाकेला उत्तर देणं त्यांना दुय्यम असतं.

हे सगळं मुलाला सोबत घेऊन करा. एकाने काळ्या खिडक्यांवर डोळा ठेवायचा, दुसऱ्याने घरातली उपकरणं एकेक करून वायफायवरून काढायची, आणि आकडा कधी पडला ते मोठ्याने सांगायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्याला हे तुमच्यापेक्षा पटकन जमेल.

मग मला पाच आकडे कळवा: रात्री आठला राऊटरपर्यंतचा पिंग, त्याच वेळी ८.८.८.८ चा पिंग, सगळी उपकरणं काढल्यावर तोच पिंग, तुमच्या टेबलावरचा सिग्नल आणि स्पीड टेस्टमधलं अपलोड. राऊटरच्या स्टिकरवरचं मॉडेलही लिहा, म्हणजे त्यात रांगेची सोय कुठल्या पानावर आहे ते शोधून सांगतो.